घरगुती व्यवसायासाठी गाळा घ्यावा का? मुदत ठेव मोडण्यापूर्वीचा हिशेब

प्रश्न : मी नाशिकमध्ये राहते. घरून रोज २२ डबे देते, शिवाय पुरणपोळ्या आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. वर्षाची विक्री साधारण ९ लाख ६० हजार आहे आणि महिन्याला ३४,००० रुपये सुटतात. यजमानांचा पगार ५६,०००, गृहकर्जाचा हप्ता २१,००० आणि घरखर्च ३०,००० आहे. मुलगा चार वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. दोघांना सासूबाई सांभाळतात, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. घरात जागा पुरत नाही म्हणून साडेचार लाखांच्या मुदत ठेवीतील तीन लाख मोडून आणि चार लाखांचे मुद्रा कर्ज काढून गाळा भाड्याने घ्यावा, असे वाटते. गाळामालक २५,००० रुपये टोकन मागत आहेत. काय करावे?

उत्तर : आपण हिशेबाच्या वहीची पाने पाठवलीत हे फार बरे झाले, कारण निर्णय त्या पानांतच दडलेला आहे. माझे मत आधीच सांगतो : गाळा आत्ता घेऊ नये.

वहीत किराणा, तेल, तूप, पॅकिंग, दिवाळीतल्या मदतनीस बाईंची मजुरी हे सारे व्यवस्थित आहे. गॅस, वीज आणि यजमान संध्याकाळी डबे पोहोचवतात त्याचे पेट्रोल मात्र घरखर्चात मिसळून गेले आहे. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाहीत, तिथे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच लागतात, हेही लक्षात घ्यावे. या साऱ्याचे मिळून महिन्याला सहा हजार धरले, तर खरी शिल्लक २८,००० रुपये उरते, म्हणजे विक्रीच्या शंभर रुपयांमागे ३५.

आता गाळ्याकडे पाहू. भाडे १५,०००, वीज आणि किरकोळ खर्च ३,०००, दोन मदतनिसांचे २२,००० आणि चार लाखांच्या कर्जाचा, ११ टक्के व्याज व पाच वर्षे मुदत धरून, सुमारे ८,७०० रुपये हप्ता. आपण दिवसभर गाळ्यावर असाल तेव्हा सासूबाईंवर दोन्ही मुलांचा भार टाकता येणार नाही, म्हणून मुलीच्या पाळणाघराचे ६,५०० रुपयेही यातच धरले पाहिजेत. ते घरखर्चाच्या खात्यात ढकलले, तर धंद्याचा हिशेब पुन्हा खोटा होईल. बेरीज ५५,२०० रुपये. शंभराला ३५ सुटत असताना एवढे नवे खर्च भागवून आजचेच २८,००० हाती ठेवायचे, तर महिन्याची विक्री ८०,००० वरून सुमारे २ लाख ३८ हजारांवर, म्हणजे जवळजवळ तिपटीवर न्यावी लागेल. शिवाय वर्षाची उलाढाल २८ लाखांच्या पुढे जाईल. डबे ही सेवा धरली जात असल्याने आपल्याला जीएसटी नोंदणीसाठी २० लाखांची मर्यादा लागू होते, केवळ माल विकणाऱ्यांची चाळीस लाखांची नव्हे. म्हणजे तोही व्याप मागे लागेल.

मुद्रा योजनेच्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते, हे खरे. पण तारण नाही म्हणून हप्ता चुकवून चालत नाही, आणि यजमानांच्या पगारातून गृहकर्जाचा हप्ता व घरखर्च वजा जाता पाच हजारच उरतात. आज आपली मुदत ठेव घराचे जवळजवळ नऊ महिने निभावू शकते. तीन लाख काढल्यावर तीन महिनेही पुरे निघणार नाहीत. पगारी नोकरीतल्या बाईला बाळंतपणात २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, स्वतःच्या धंद्यात ती कोणी देत नाही. मूल आजारी पडले की त्या दिवसाची कमाई बुडते. मुलीला ताप आणि चाळीस किलो चिवड्याची ऑर्डर एकाच दिवशी आली, असे आपणच लिहिले आहे. असा दिवस निभावण्यासाठीच ती ठेव आहे. तिला भांडवल समजू नये.

मग जागेचे काय? त्याआधी वेळेचे पाहू. डबे महिन्याला आपले सुमारे १३० तास घेतात आणि डब्यामागे २५ रुपये सुटत असल्याने, महिन्याचे २६ दिवस धरून, १४,३०० देतात. ताशी ११० रुपये. ऑर्डरी ५२ तासांत १३,७०० देतात, ताशी २६३. शिवाय डबा साडेबाराच्या ठोक्याला पोहोचावाच लागतो, मग मूल रडत असो वा झोपलेले असो. लाडू मुलगा बालवाडीत असताना किंवा मुलगी निजल्यावर वळता येतात. लहान मुलांच्या घरात हा फरक मला पैशापेक्षाही मोठा वाटतो. म्हणून डब्याचा भाव ९० वरून १०५ करावा. चार गिऱ्हाइके तुटली, तरी १८ डब्यांमागे ४० रुपयांप्रमाणे १८,७२० रुपये सुटतील, म्हणजे काम कमी होऊन उत्पन्न चार हजारांहून अधिक वाढेल. भाव वाढवताना संकोच वाटणे साहजिक आहे, पण गिऱ्हाईक तुटण्याची भीती आपल्या पत्रात जरा अधिकच दिसते.

पुढची पायरी म्हणून कणीक मळण्याचे व पुरण वाटण्याचे यंत्र आणि एक डीप फ्रीजर घ्यावा. आपण कळवलेल्या भावाने हे ८५,००० रुपयांत बसते. सकाळच्या चार तासांसाठी एक मदतनीस ठेवावी. रक्कम कमी पडली तर ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावर लागेल तेवढीच रक्कम उचलण्याची सोय, घ्यावा. ठेवीच्या व्याजदरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडते आणि ते वापरलेल्या रकमेवरच.

दिवाळीच्या गर्दीसाठी एक सुचवतो. फराळाचा हंगाम चातुर्मासात येतो, तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त तुरळक असतात आणि अनेक मंगल कार्यालयांची मोठी स्वयंपाकघरे तेव्हा रिकामी पडलेली असतात. महिन्याभरासाठी तसे स्वयंपाकघर ठरवून घेतले, तर बारा महिन्यांचे भाडे अंगावर न घेता मोठ्या जागेत काम करून पाहता येईल. अन्न सुरक्षा नोंदणीत त्या जागेचा पत्ता घालून घ्यावा.

धंद्याचे बँक खाते आजच वेगळे करावे आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कम, समजा २०,००० रुपये, स्वतःचा पगार म्हणून घरखात्यात वळवावी. आपण विवरणपत्र भरत नाही. वर्षाला सुमारे ३ लाख ३६ हजार उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर पडत नाही, तरीही भरावे. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवरून नफा धरण्याच्या सोयीत, सहा किंवा आठ टक्केच नफा दाखवण्याचा मोह होतो, पण प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तोच दाखवणे योग्य, आणि हिताचेही. पुढे बँकेत कर्ज मागताना आणि आपला मुदत विमा काढताना तोच आकडा पाहिला जातो. विमा यजमानांचाच आहे, आपला नाही, ही उणीव यंदाच भरून काढावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

गाळ्याचा विषय मुलगी बालवाडीत जाऊ लागल्यावर पुन्हा काढावा, तोही सणांचे महिने वगळून सलग चार महिने घरातूनच दरमहा सव्वा लाखाची विक्री होत असेल तर. टोकन देऊ नये. दिलेले टोकन व्यवहार मोडल्यावर परत मिळवणे अवघड जाते. हा गाळा हातचा जाईल, असे मालक म्हणत असतील तर जाऊ द्यावा. दोन वर्षांनी जागा लागेल तेव्हा ती घराच्या आणि शाळेच्या जवळ शोधावी.