38,400 रुपयांचा सूट हप्त्यांवर घ्यावा का?

तुमचे वय 26, हिंजवडीत नोकरी आणि हातात येणारा पगार 34,000 रुपये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सख्ख्या बहिणीचे लग्न आहे आणि जानेवारीपासून परदेशी ग्राहकांसमोर सादरीकरणासाठी महिन्यातून एकदा तरी सूट घालावा लागणार आहे. कोरेगाव पार्कमध्ये तुम्ही पसंत केलेला डिझायनर स्लिम फिट सूट 38,400 रुपयांचा असून दुकानदार तो बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर देतो आहे. भाड्याने घेतल्यास दोन दिवसांचे 3,500 रुपये पडतात आणि तुमचे वडील म्हणतात की लक्ष्मी रोडवर कापड घेऊन शिवून घ्यावा. माझे मत वडिलांच्या बाजूने आहे. त्याची कारणे सविस्तर सांगतो.

सख्ख्या बहिणीच्या लग्नात भावाने नीटनेटके दिसावे, ही इच्छा रास्त आहे आणि तिच्यासाठी पैसे बाजूला काढण्यात काहीच गैर नाही. प्रश्न फक्त रकमेचा आणि ती कोठून येणार याचा आहे. खोलीचे भाडे व मेस 14,500, घरी पाठवता ते 6,000, गाडीचा हप्ता 2,900 आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) 3,000 असे 26,400 रुपये गेल्यावर 7,600 उरतात आणि पेट्रोल, फोन, किरकोळ खर्च वजा जाता, तुमच्याच हिशेबाप्रमाणे, महिन्याला 2,500 रुपये शिल्लक पडतात. सुटाचा हप्ता 3,200 रुपयांचा आहे. म्हणजे दरमहा 700 रुपयांची तूट वर्षभर सोसायची आणि ती भरून काढण्यासाठी एसआयपी तरी थांबवायची किंवा अडीअडचणीसाठी ठेवलेल्या 40,000 रुपयांच्या ठेवीला तरी हात लावायचा. यांपैकी एकही गोष्ट मी तुम्हाला करू देणार नाही. शिवाय ‘नो कॉस्ट’ या शब्दांवर विसंबू नका. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. अशा योजनेत व्याजाइतकी सवलत किमतीत आधी दाखवली जाते आणि क्रेडिट कार्डावरील हप्त्यातील व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येते.

भाड्याचा सूट केवळ लग्नापुरता हवा असता तर मी लगेच होकार दिला असता, परंतु जानेवारीनंतर तो पुन्हा पुन्हा लागणार असल्याने तीन-चार वेळांतच भाडे शिलाईच्या खर्चाला ओलांडेल.

आता शिवण्याविषयी. महागडा सूट अंगावर उठून दिसतो तो मुख्यतः मापामुळे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशीच संपावी, मानेमागे कॉलर आणि सदरा यांच्यात फट राहू नये, बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडू नयेत आणि बाहीखाली सदऱ्याची कड अर्धा इंच दिसावी. एवढे साधले की लेबल कोणी उलटून पाहत नाही. बाही किंवा कंबर नंतर थोडक्या पैशांत दुरुस्त होते, खांदा मात्र जवळजवळ होत नाही, म्हणून वेळेअभावी तयार कोट घ्यावाच लागला तर तो खांद्याच्या मापाने घ्या आणि बाकीचे शिंप्याकडून बसवून घ्या.

58 इंची पन्ह्याचे सव्वातीन मीटर कापड तुम्हाला पुरेल. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे, ज्याला दुकानात टी.आर. म्हणतात, ते 900 रुपये मीटरचे कापड तुम्ही पाहिले आहे. तेच घ्या, मात्र चमक नसलेले, गडद निळे किंवा कोळशाच्या रंगाचे. किनारीवर छापलेल्या ‘सुपर 120’ला भुलू नका, कारण तो आकडा लोकरीच्या तंतूची बारकाई सांगतो आणि टी.आर. कापडावर त्याला काही अर्थ नाही. कापडाचे 2,925, शिंप्याने सांगितलेली शिलाई 5,500 आणि पांढरा सदरा 1,200, असे 9,625 रुपये होतात. मी तुमच्यासाठी 12,000 रुपयांची मर्यादा ठरवतो: ऑगस्ट ते नोव्हेंबर चार महिन्यांची शिल्लक 10,000 आणि दिवाळीच्या 4,000 रुपयांच्या बोनसपैकी निम्मे. उरलेले 2,375 रुपये ड्रायक्लीनिंग आणि दुरुस्तीसाठी राहू द्या.

शिंप्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. स्लिम कट हवा असला तरी कोटाच्या पाठीच्या शिवणीत आणि पँटच्या कमरेत भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, ठेवायला लावा. या वयात दोन-तीन वर्षांत कंबर इंच-दीड इंच सहज वाढते आणि माया कापून टाकलेला अंगाबरोबरचा सूट मग कपाटातच राहतो. माया असेल तर तो उसवून सैल करता येतो.

वेळेचे गणित पैशांइतकेच महत्त्वाचे आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि तेव्हा चांगले शिंपी नवे काम घेत नाहीत, घेतले तरी ट्रायलला वेळ देत नाहीत. सप्टेंबरअखेर तुमच्याकडे 5,000 रुपये जमलेले असतील. त्यातून कापड घ्या, 2,000 रुपये आगाऊ देऊन माप द्या आणि दिवाळीच्या आधी कच्च्या शिलाईवर एक ट्रायल ठरवून घ्या. ट्रायलला जाताना लग्नात घालणार तोच सदरा आणि तेच बूट घालून जा, कारण बाहीची आणि पँटची लांबी त्यांवरच ठरते.