पी-१० एलईडी बोर्डावर मराठीत भाव दाखवायचे आहेत, अक्षरं फुटतात. बिटमॅप इमेज कशा तयार करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की हिंगणघाटकडच्या एका गावात अडत दुकानासाठी भावफलक करताय. तीन पी-१० पॅनल (एलईडी ठिपक्यांचे तयार फलक) आडवे जोडलेत, मागे अर्डुइनो उनो (ते चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे. इंग्रजी आकडे बरोबर येतात, पण 'सोयाबीन', 'क्विंटल' टाकलं की कचरा दिसतो. पॅनल खराब नाही, वायरिंगही बरोबर आहे.

बोर्डावर अक्षरं काढणाऱ्या लायब्ररीला (तयार प्रोग्रॅमला) एक कोड म्हणजे एक चित्र एवढंच कळतं. 'क्विंटल' मध्ये सात कोड आहेत: क, हलन्त, व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ट, ल. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) प्रत्येकाचे ३ बाइट, म्हणजे २१. त्यात वेलांटी साठवली जाते 'व' च्या नंतर आणि दिसायला हवी 'क्' च्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षर बांधणं कॉम्प्युटरवर हार्फबझसारखं शेपिंग इंजिन (अक्षरं जोडून मांडणारा प्रोग्रॅम) करतं. उनोवर ते करणारं कोणी नाही.

म्हणून सुटी अक्षरं करत बसू नका. तुमचे शब्द ठरलेले आहेत: कापूस, सोयाबीन, तूर, चणा. बदलतात फक्त आकडे. तेव्हा प्रत्येक शब्दाची एक अखंड इमेज करा आणि आकड्यांच्या तेवढ्या दहा वेगळ्या.

एक पॅनल ३२×१६ पिक्सेलचा, म्हणजे तुमच्याकडे ९६×१६ जागा आहे. डावीकडे ६४ शब्दाला, उजवीकडे ३२ चार आकड्यांना, प्रत्येकी ८. शब्दाचे ६४×१६÷८ = १२८ बाइट, चार शब्दांचे ५१२. आकड्याचे १६ प्रमाणे १६०. एकूण ६७२. उनोची (आर-३) रॅम २०४८ बाइटच आहे, म्हणून हे ॲरे (बाइटच्या याद्या) कोडमध्ये प्रोग्मेम हा शब्द लावून फ्लॅशमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीतच, ठेवा.

गिंपमध्ये (चित्रं करायचं मोफत सॉफ्टवेअर) ६४×१६ ची पांढरी इमेज उघडा. फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा 'मुक्त' (Mukta) नावाचा, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. साइज १६ लिहिली तर वेलांट्या आणि उकार धरून अक्षर बाहेर जातं. १२-१३ पासून बघा. टेक्स्ट टूलमधली अँटीअलायझिंगची (कडा करड्या छटांनी मऊ करण्याची) टिक काढा. मोठं लिहून लहान करू नका, कडा करड्या होतात. मग मोड इंडेक्स्ड, १-बिट काळा-पांढरा, डिदरिंग (करड्या छटेसाठी ठिपके विखुरणं) बंद.

खरी मेहनत इथून पुढे आहे. ८०० टक्के झूम करा आणि पेन्सिल टूल घ्या (ब्रश नको). मी १६ ओळी अशा वाटतो: वरच्या मात्रा-वेलांट्यांना ४, शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ८, खालच्या उकारांना ३. शिरोरेषा सगळ्या शब्दांत पाचव्याच ओळीवर हवी, नाहीतर शब्द बदलला की बोर्ड उडी मारल्यासारखा दिसतो. 'ब' नीट बघा. त्याच्या पोटातली तिरपी रेघ बहुतेक वेळा गिळली जाते आणि 'सोयावीन' होतं, किंवा पोट भरून नुसता ठिपका उरतो. पोट आतून ५ पिक्सेल रुंद करा आणि ३ पिक्सेलची तिरपी रेघ हाताने काढा. शब्दात अनुस्वार असेल तर २×२ चा करा, एक पिक्सेल लांबून दिसत नाही. १ आणि ९ शेजारी ठेवून पाच-सहा पावलांवरून वाचून पाहा. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याने आकडा चुकीचा वाचला तर त्याचा विश्वास जातो, त्यामुळे इथे तास गेला तरी घालवा.

एक्सपोर्ट एक्सबीएम या फाइल-प्रकारात करा. तो सी भाषेचा ॲरेच असतो. नाव प्रत्येक शब्दाला वेगळं आणि रोमन लिपीत द्या. मूळ कॉपी पीएनजीत ठेवा. कोणाला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती जेपेग होते आणि कडांना करडी धूळ चिकटते.

कोडमध्ये (x, y) चा बाइट म्हणजे y × ८ + x ÷ ८ (पूर्णांक भाग), आणि बिट म्हणजे x ला ८ ने भागून उरलेली बाकी. y ला गुणणारा ८ म्हणजे ६४ रुंदीच्या एका ओळीतले बाइट. आकड्याच्या इमेजला तो १ होतो. रुंदी ८ च्या पटीत नसेल तर प्रत्येक ओळ पुढच्या पूर्ण बाइटपर्यंत भरली जाते. ते विसरलात तर अक्षर खाली जाता जाता तिरपं घसरतं.

दर ८ पिक्सेलचा तुकडा आरशातल्यासारखा उलटा दिसला तर बिटांचा क्रम चुकलाय. एक्सबीएममध्ये सर्वांत खालचा बिट डावीकडे असतो, पीबीएम या दुसऱ्या फाइल-प्रकारात सर्वांत वरचा. अडाफ्रूट जीएफएक्स या चित्रं काढायच्या लायब्ररीतही यामुळेच ड्रॉबिटमॅप आणि ड्रॉएक्सबिटमॅप अशी दोन वेगळी फंक्शन आहेत. अक्षरं काळी आणि मागचा सगळा भाग पेटलेला दिसला तर फक्त बिट उलटवा, इमेज पुन्हा करायची गरज नाही.

उद्या मालकाने रोज वेगळी सूचना लिहायला सांगितली तर ही पद्धत पुरणार नाही. तेव्हा ईएसपी-३२ (वायफाय असलेला कंट्रोलर) घ्या, मजकूर मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवरच इमेजमध्ये बदला आणि तयार बिट वायफायने बोर्डाला पाठवा.