वाचकांचे प्रश्न : ई-चलान आणि मोटारीचा विमा

प्रश्न : माझ्याकडे बाराशे सी.सी.ची मोटार आहे. गेल्या दीड वर्षात तिच्यावर नऊ ई-चलान झाले. त्यांपैकी पाच द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे, तीन सिग्नल तोडल्याचे आणि एक नो पार्किंगचे आहे. निम्मे चलान मुलाच्या हातचे आहेत. पुढच्या महिन्यात पॉलिसी संपते. एजंट सांगतो, की गाडी ‘जोखमीची’ ठरल्यामुळे थर्ड पार्टीसह सगळाच हप्ता वाढेल. हे खरे आहे का? गेल्या पावसाळ्यात बंपरचा सहा हजारांचा क्लेम घेतला होता. त्याआधी चार वर्षे एकही क्लेम नव्हता.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याबाबत एजंटाचे म्हणणे खरे नाही. हा हप्ता कंपनी ठरवत नाही. विमा नियामकाशी विचारविनिमय करून केंद्र सरकार तो ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सी.सी.च्या खासगी मोटारीला तो वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी इतका आहे. एकही चलान नसलेल्या तुमच्या शेजाऱ्यालाही तेवढेच पैसे भरावे लागतात. (हे न्याय्य आहे का, हे खरे तर त्या शेजाऱ्याने विचारायला हवे.)

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता मात्र कंपनीच्या हाती असतो आणि तो गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली तिची सध्याची किंमत), तिचे वय, इंजिन, नोंदणीचे शहर व आधीचे क्लेम पाहून आकारला जातो. जुन्या टॅरिफमधील, म्हणजे विम्याच्या जुन्या दरपत्रकातील ‘ए’ विभागाच्या आठ शहरांत पुणे असल्यामुळे येथे नोंदलेल्या गाडीला सातारा-सांगलीच्या गाडीपेक्षा थोडा चढा दर लागत आला आहे, मग चालक कितीही सज्जन असो. चलान हप्त्यात धरण्याचा विचार झालाच नाही असे नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये तसा प्रस्ताव मांडला होता. दारू पिऊन गाडी चालवल्यास १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १० गुण आणि त्या गुणांनुसार वेगळा हप्ता, तोही गाडीच्या मालकाकडून, अशी ती योजना होती. ती देशभर सक्तीची झाली नाही. झाली असती, तर चिरंजीवांचे गुणही तुमच्याच खात्यावर चढले असते.

तुमचा हप्ता वाढणार आहे तो त्या बंपरमुळे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत वाढत पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांवर जातो. चार वर्षांनंतर तुम्हाला ४५ टक्के सूट मिळत असणार, आणि सहा हजारांच्या क्लेमपायी ती शून्यावर आली. कंपनी बदलून बोनस ‘कायम’ दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, कारण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि खोटी माहिती पुढच्या क्लेमच्या वेळी नेमकी आडवी येते.

चलानांची काळजी मी वेगळ्याच कारणाने करीन. वेगमर्यादा ओलांडणे आणि सिग्नल तोडणे या गुन्ह्यांसाठी परिवहन खाते चालकाचा परवाना काही काळ निलंबित करू शकते. त्या काळात मुलाने गाडी चालवली आणि ती कुठे आदळली, तर चालकाकडे वैध परवाना नव्हता, या एका मुद्द्यावर कंपनी दुरुस्तीचा खर्च नाकारू शकते. पूर्ण हप्ता भरूनही हाती काहीच न लागण्याची वेळ येते ती अशी. म्हणून चलानाचे संदेश तुमच्याच मोबाइलवर येतात ना, हे तपासा आणि मुलाच्या परवान्याची स्थितीही पाहून घ्या.

प्रश्न : धाकट्या भावाने मद्यपान करून गाडी चालवली आणि एका दुचाकीस्वाराला धडक दिली. गाडी माझ्या नावावर आहे. कंपनीने आमच्या गाडीचा क्लेम फेटाळला. दुचाकीस्वाराची भरपाई तरी कंपनी देईल का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : तुमच्या गाडीचा क्लेम विसरलेला बरा. कायद्याने रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि नशेत गाडी चालवताना झालेले नुकसान पॉलिसीतूनच वगळलेले असते. श्वासचाचणी झाली नसली तरी इतर पुराव्यांवरून कंपनी नशा सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

जखमी माणसाची बाजू वेगळी आहे. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाईल आणि अशा अनेक प्रकरणांत कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. मालक तुम्ही आहात, त्यामुळे भावाची चूक तुमच्या बँक खात्यापर्यंत येऊ शकते. वकील आजच गाठा. फौजदारी खटल्यात नशेत गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, पण ते भावाने पाहायचे आहे.

भाऊ नशेत नव्हताच, असे तुमचे प्रामाणिक म्हणणे असेल, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्यातच नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही.

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या मुलाला तेथील गुन्ह्यामुळे ‘एसआर-२२’ द्यावा लागला. तो सुट्टीत येऊन आमची गाडी चालवील, तेव्हा आमचा विमा महाग होईल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. तेथे विमा चालकाची नोंद पाहून ठरतो. ‘एसआर-२२’ हा स्वतः विमा नसून चालकाकडे किमान विमा आहे, असे कंपनीने राज्याला दिलेले प्रमाणपत्र आहे, आणि अनेक राज्यांत ते तीन वर्षे चालू ठेवावे लागते. आपल्याकडे त्याची नोंद होत नाही. मात्र त्याच्याजवळ वैध भारतीय परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर किल्ली देऊ नका.