चिठ्ठी गेली, पुऱ्या कुठे?

प्रश्न : ताई, सासऱ्यांना लघवीची नळी लावली होती. कल्चरच्या रिपोर्टात 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' आला. हे जिवाणू म्हणे आपली संख्या मोजतात आणि पुरेसे जमले की घातक जनुकं चालू करतात. एकदा जनुक चालू झालं की विष बनणारच ना? की मध्ये काही अडतं? — एक वाचक, इंदूर

उत्तर : अडतं तर! आणि अडवणारा बहुतेक वेळा जिवाणूच असतो.

या मंडळींशी माझी ओळख नाकाने झाली. इथल्याच एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं जिवाणू वाढवलेल्या प्लेटा वाचल्या. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं की कधी कधी पिकल्या द्राक्षांचा गोडसर वास यायचा आणि अगारमध्ये, म्हणजे प्लेटीतल्या जेलीत, हिरवी-निळी झाक उतरलेली दिसायची. तपासण्या नंतर, नाव आधीच तोंडावर! तो निळा रंग म्हणजे पायोसायनिन, आणि तोही गर्दी जमल्यावरच भरात येतो. प्रत्येक पेशी छोटे रेणू बाहेर सोडते. ते साचले की सगळ्यांना कळतं, आपण पुरेसे झालो. या प्रकाराला 'कोरम सेन्सिंग' हे नाव 1994 साली मिळालं.

आता तुमचा खरा प्रश्न. आमच्याकडे लग्नात आजोबा आचाऱ्याला चिठ्ठी धाडत, 'पुऱ्या सोडा'. पण पंगतीची पानं मांडून होईपर्यंत काका ती चिठ्ठी मुठीत धरून बसत. लिहिलेली चिठ्ठी म्हणजे जनुकावरून उतरवलेला संदेशवाहक आरएनए, आचारी म्हणजे प्रथिन बनवणारा रायबोसोम. स्यूडोमोनासमधले काका म्हणजे 'आरएसएमए' नावाचं छोटं प्रथिन. ते संदेशाच्या सुरुवातीपाशी, 'जीजीए' ही अक्षरं असतील तिथे चिकटतं, मग रायबोसोमला बसायला जागाच राहत नाही.

काकांना हलवायचं कसं? पोरांनी घेरून! 'आरएसएमवाय' आणि 'आरएसएमझेड' हे दोन लघु आरएनए तेच करतात. त्यांच्या अंगावर 'जीजीए' पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे आरएसएमए त्यांच्यातच गुंतून पडतं आणि अडलेल्या चिठ्ठ्या सुटतात. स्वतः त्यांच्यापासून एकही प्रथिन बनत नाही, काम फक्त गुंतवण्याचं. गंमत अशी की काका मोकळे असले तरी जिवाणू गरीब नसतो. तेव्हा तो पोहतो, सुईसारख्या यंत्रातून आपल्या पेशींत विष टोचतो. काका गुंतले की तो बैठक मारतो, भोवती चिकट थर बांधतो, म्हणजे बायोफिल्म. नळीच्या आतला तो बुळबुळीत थर हाच.

'जमले की हल्ला' हा नियमही सगळ्यांना लागू नाही. कॉलऱ्याचा जिवाणू उलट्या डोक्याचा. थोडे असताना त्याचे चार लघु आरएनए, 'क्यूआरआर', 'एचएफक्यू' या प्रथिनाच्या मदतीने 'हॅपआर' या विष आवरणाऱ्या प्रथिनाच्या चिठ्ठीला जोडी लावून ती बाद करतात, आणि रोगकारक जनुकं चालू राहतात. गर्दी झाली की क्यूआरआर थांबतात, हॅपआर बनतं, विषाचं काम आवरतं. आतड्यातून निघायची तयारी म्हणा. चारांतला एकही उरला तरी काम भागतं, इतकी तजवीज!

लिस्टेरिया या अन्नातून येणाऱ्या जिवाणूचं तर आणखीच सोपं. रोगकारक जनुकं चालू करणाऱ्या त्याच्या 'पीआरएफए' या प्रथिनाच्या चिठ्ठीची घडी थंडीत मिटलेली असते आणि 37 अंशांच्या आसपास उलगडते. आपल्या अंगाची ऊबच तिला पुरते. हे 2002 मध्ये दाखवलं गेलं.

एवढा खटाटोप कशाला? चिठ्ठी स्वस्त, प्रथिन महाग. शिवाय जिवाणूच्या बहुतेक चिठ्ठ्या काही मिनिटांतच तुटतात. मन बदललं तर फार नुकसान नाही.

सासऱ्यांबद्दल एवढंच : थरात बसलेल्या जिवाणूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. डॉक्टरांनी नळीच बदलायला सांगितली, तर 'परवाच तर लावली' म्हणून हुज्जत घालू नका.