मुंबई–न्यूयॉर्क प्रवासाचा हिशेब कसा मांडावा

आपण प्रथमच जात आहात, म्हणून आधी अंतराविषयी सांगतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मात्र भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये, कारण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे बराच वळसा घेतल्यासारखा दिसतो. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात आणि येताना वारे पाठीशी असल्याने बहुधा त्याहून कमी.

खरा घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. समजा, जानेवारीत रात्री १.३० वाजता निघालात, तर १६ तासांनी येथे सायंकाळचे ५.३० झालेले असतील. त्यातून साडेदहा तास वजा केल्यास तेथे त्याच तारखेची सकाळ, ७ वाजलेले. उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा असतो.

आणि १२ तारखेच्या रात्री १.३० चे विमान म्हणजे विमानतळावर ११ तारखेच्या रात्रीच पोहोचायचे. ही चूक शिकलेसवरलेले लोकही करतात.