दमा जुना, डाग नवा: बुरशीची ॲलर्जी

प्रश्न : राहायला सोलापुरात, शेती मंगळवेढ्याकडे. यजमानांना पंधरा वर्षांपासून दमा आहे. पंप नियमित घेऊनही धाप वाढली असून खोकल्यातून तपकिरी, रबरासारखे तुकडे पडतात. एक्स-रेतल्या डागामुळे टीबीची शंका आली, पण थुंकीत जंतू निघाले नाहीत. आता डॉक्टर बुरशीची ॲलर्जी म्हणतात. मुलांना लागेल का? कूलर काढून टाकू का?

उत्तर : मुलांना लागणार नाही. ॲस्परजिलस बुरशीचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. काही दमेकऱ्यांच्या कफात मात्र ती तळ ठोकते आणि शरीर तिच्यावर ॲलर्जीने तुटून पडतं. या आजाराला ‘एबीपीए’ म्हणतात. ते तुकडे म्हणजे श्वासनळीत थिजलेला कफ. नळी तुंबली की डाग दिसतो, मोकळी झाली की जातो, पुढे दुसरीकडे उमटतो. आपल्याकडे डाग म्हणजे टीबीच, असं धरून अनेकांना विनाकारण टीबीच्या गोळ्या खाव्या लागतात.

निदानासाठी रक्तातली आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) पाहतात. ॲस्परजिलसची विशिष्ट आयजीई 0.35 किंवा जास्त आणि एकूण आयजीई 500 किंवा जास्त, या दोन्ही गोष्टी लागतात. जोडीला इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), आयजीजी (बुरशीविरुद्धचं दुसरं प्रतिपिंड) आणि छातीचा सीटी स्कॅन. रक्त शक्यतो स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याआधीच द्या. नंतर आकडे उतरतात आणि निदान चुकतं.

उपचार साधारण चार महिने, प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) किंवा इट्राकोनाझोल (बुरशीविरोधी औषध) यांचे. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची. सोबत ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही, आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. शिवाय इट्राकोनाझोलमुळे पंपातलं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड रक्तात साठतं. तोंड सुजतं, साखर चढते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्याही तशाच साठतात. म्हणून पंप आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना दाखवा, पण पंप मनाने बंद करू नका. आठ आठवड्यांनी एकूण आयजीई पुन्हा तपासतात. ती नॉर्मलला येईल ही अपेक्षा नको. त्रास कमी होऊन ती 20 टक्के उतरली तरी औषध लागू पडलं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर काढा म्हणणं सोपं आहे! गवत दरवर्षी नवं घाला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, हंगाम संपल्यावर पूर्ण वाळवून ठेवा. हे काम यजमानांनी करायचं नाही. खरी काळजी कडब्याची. पावसात भिजलेली गंजी उपसताना किंवा कुट्टी करताना बुरशीचा धुरळाच उडतो. तेव्हा त्यांना तिथे थांबूच देऊ नका. अगदीच जावं लागलं तर नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क लावा, उपरण्याने भागत नाही.