फेलोशिप घ्यावी, पण तेराव्या महिन्याची तरतूद करून

आपले वय 25 आहे, पुण्यातील खाजगी कंपनीत दोन वर्षे नोकरी झाली आहे आणि हातात 46,000 रुपये पगार येतो. शैक्षणिक कर्जाचे 4,10,000 रुपये फेडायचे राहिले असून हप्ता 9,200 रुपयांचा आहे. शिल्लक दीड लाख. शिक्षण धोरणाच्या सरकारी कामात शिरण्यासाठी मुख्यमंत्री फेलोशिपला, म्हणजे तरुणांना बारा महिने शासकीय कार्यालयांत काम देणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या योजनेला, अर्ज करावा, की नोकरी सोडून थेट राज्यसेवेच्या तयारीला बसावे, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्टपणे फेलोशिपच्या बाजूने आहे, मात्र तिच्यामागचा हिशेब आपण मांडला आहे त्यापेक्षा थोडा वेगळा आहे.

2025-26 च्या फेलोशिपमध्ये दरमहा 56,100 रुपये छात्रवृत्ती आणि 5,400 रुपये प्रवासखर्च, असे एकूण 61,500 रुपये मिळतात. सातव्या वेतन आयोगात केंद्रातील वर्ग एकच्या अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतनही 56,100 रुपयेच आहे, आणि घरच्यांना त्यामुळे ही सरकारी नोकरीच वाटण्याचा संभव आहे. अधिकाऱ्याला मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे आणि निवृत्तिवेतनासाठी सरकारचा वाटा मिळतो. फेलोला यातले काही मिळत नाही आणि बारा महिन्यांनंतर शासकीय सेवेवर त्याचा हक्कही राहत नाही.

म्हणून दरमहा दिसणारी 15,500 रुपयांची वाढ खरी धरू नये. आपले मूळ वेतन 22,000 असल्याने आपला आणि कंपनीचा मिळून 5,280 रुपयांचा भविष्य निर्वाह निधी थांबेल. उरलेले सुमारे दहा हजार पहिल्या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाकल्यास वर्षाअखेर जवळपास 1,20,000 रुपये जमतील, म्हणजे फेलोशिप संपल्यानंतरचे तेरा हप्ते. दीड लाखांच्या शिल्लकेला तोपर्यंत हात लावू नये. निर्वाह निधीची रक्कमही काढू नये, कारण पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते. प्राप्तिकराची चिंता नको. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, विवरणपत्र मात्र भरावे. राजीनाम्याबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपतो, तेव्हा त्याआधीच स्वतःच्या नावाने पॉलिसी घ्यावी; 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

राज्यसेवेची तयारी मी वाईट म्हणत नाही. पण उत्पन्न शून्य, हप्ता चालू, पुण्यातील खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च वेगळा, अशा स्थितीत आपली शिल्लक वर्षभरही पुरणार नाही, आणि निकाल त्या वेळापत्रकाने लागतीलच असे नाही. फेलोशिपची वयोमर्यादा 21 ते 26 आहे. राज्यसेवेला आपल्याकडे अजून बरीच वर्षे आहेत. त्यामुळे आधी काय करावे, याचे उत्तर वयच देते.

एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची वाटते. शिक्षण विभागच मिळेल, याची खात्री नाही. जिल्हा पातळीवर नेमणूक झाली तरी नाराज होऊ नये. संचमान्यतेच्या, म्हणजे पटसंख्येवरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या, तक्त्यात दोन-चार मुलांच्या फरकाने एखाद्या वाडीवरच्या शाळेतले शिक्षकाचे पद कसे जाते, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण कार्यालयात बसून पाहिलेल्या माणसाची धोरणात मोठी गरज आहे, आणि पुढे शिक्षण क्षेत्रातील संस्था किंवा एखादा पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना हा अनुभव आपल्या उपयोगी पडेल.

अर्ज मागवले जाताच अर्ज करावा, राजीनामा मात्र निवडीचे पत्र हाती आल्यावरच द्यावा. जागा जेमतेम 60 असतात. सध्याच्या कंपनीच्या नियुक्तिपत्रातील नोटिशीचा कालावधी आताच तपासावा. तो 90 दिवसांचा असेल आणि रुजू होण्याची तारीख त्याआधी आली, तर उरलेल्या दिवसांचा पगार कंपनी कापून घेऊ शकते, आणि ती रक्कम तेरा हप्त्यांच्या हिशेबातून वजा करावी लागेल.